इंग्लंडमध्ये घर घेताना जास्तीचे पैसे नेमके कुठे जातात?

माझी मावसबहीण नर्स आहे. आधी सहा वर्षं आखातात होती, आता इंग्लंडच्या मिडलँड्स भागात एका सरकारी रुग्णालयात आहे. गेल्या वर्षी तिने आणि तिच्या नवऱ्याने तिथे २,६०,००० पौंडांचं घर घ्यायचं ठरवलं. ‘पहिलंच घर आहे, म्हणजे स्टॅम्प ड्युटी शून्य’ असं त्यांना ओळखीच्या प्रत्येकाने सांगितलं होतं. सह्या व्हायला दोन आठवडे उरले असताना सॉलिसिटरच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आला: जगात कुठेही तुमच्या नावावर घर आहे का?

होतं, नागपुरात. तिनेच आखातातून पाठवलेल्या पैशांतून मावशी आणि काकांनी तिच्या नावावर घेतलेला फ्लॅट. ती त्यात एक दिवसही राहिलेली नाही, आईवडील राहतात. पण कागदावर नाव तिचं. त्या एका उत्तरापायी तिला १६,००० पौंड भरावे लागले. आपल्या रुपयांत अठरा लाखांच्या आसपास.

हा लेख तिच्या फोनमुळे लिहितेय. आपल्या वस्त्यांमधून राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलेली मुलं आता तिथे नोकरीला लागली आहेत. नर्सिंग आणि आयटीतून गेलेले तर कितीतरी आहेत. यांतल्या बहुतेकांच्या घरात शहरातलं घर विकत घेणारी ही पहिलीच पिढी, परदेशातलं तर दूरच. आजोबा-पणजोबांचं घर गावाच्या वेशीबाहेर होतं, त्यामुळे दारावर आपल्या नावाची पाटी लागणं म्हणजे काय हे मी कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पण त्या ओढीमुळेच व्यवहार करताना आपला हात सैल सुटतो, आणि विकणाऱ्याला ते पहिल्या भेटीत कळतं. इथे फक्त इंग्लंडचं सांगितलं आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हा कर वेगळ्या नावाने आणि वेगळ्या दराने आकारतात.

गावाकडचं घर आणि तिकडची स्टॅम्प ड्युटी

सगळ्यात मोठी रक्कम इथेच हातातून जाते, आणि याबद्दल आपल्या लोकांत सगळ्यात कमी बोललं जातं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

१ एप्रिल २०२५पासून इंग्लंडमध्ये पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३,००,००० पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्युटी नाही. त्यापुढे ५,००,००० पर्यंतच्या भागावर ५ टक्के. किंमत पाच लाखांच्या वर गेली की ही सवलत पूर्ण रद्द होते. इतर खरेदीदारांसाठी पहिल्या १,२५,००० वर शून्य, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के आणि त्यापुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के असे टप्पे आहेत. आधीच दुसरं घर असेल तर या सगळ्यावर, म्हणजे पूर्ण किमतीवर, आणखी ५ टक्के अधिभार. ३१ ऑक्टोबर २०२४पूर्वी हा अधिभार ३ टक्के होता.

आता ‘पहिल्यांदा घर घेणारा’ म्हणजे कोण? ज्याने आयुष्यात जगात कुठेही राहण्याच्या घरात मालकी मिळवलेली नाही तो. विकत, बक्षीस म्हणून किंवा वारसाने, कशीही मिळालेली मालकी यात मोजली जाते. वडील गेल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८मध्ये किंवा शहरातल्या प्रॉपर्टी कार्डावर सगळ्या भावंडांची नावं लागतात, ती आपण औपचारिकता समजतो. तिकडचा कर विभाग त्याला मालकी समजतो. नंतर बहिणीने हक्कसोड पत्र करून दिलं तरी ‘एकदा मिळाली होती’ हे पुसलं जात नाही. दोघं मिळून घर घेत असतील तर दोघंही या कसोटीत बसावे लागतात.

अधिभाराची कसोटी मात्र वेगळी आहे. तिथे खरेदीच्या दिवशी तुमच्याकडे काय आहे ते बघतात, आणि तुमच्या हिश्शाची किंमत ४०,००० पौंडांपेक्षा कमी असेल, म्हणजे साधारण ४५ लाख रुपयांच्या आत, तर अधिभार लागत नाही. गावाकडच्या घरातला पाचवा हिस्सा या मर्यादेच्या खूप खाली असतो. शेतजमीन ‘घर’ या व्याख्येतच येत नाही. रमाई आवास योजनेचं घर आईच्या नावावर असेल तर ते आईचं, तुमचं नाही.

बहिणीच्याच २,६०,००० च्या घराचा हिशेब बघा. जगात कुठेच घर नसतं तर शून्य. गावाकडच्या घरात छोटा हिस्सा असता तर पहिल्या घराची सवलत गेली असती, पण अधिभार लागला नसता, म्हणजे ३,००० पौंड. नागपूरचा पूर्ण फ्लॅट नावावर असल्यामुळे ३,००० अधिक १३,००० असे १६,०००.

‘मग घर फक्त नवऱ्याच्या नावावर घेतो’ हा पहिला विचार तिच्याही मनात आला होता. चालत नाही. एकत्र राहणारं विवाहित जोडपं या करासाठी एक धरलं जातं. एका ओळखीच्या गृहस्थांनी ‘सांगूच नका, त्यांना नागपूरचं काय कळणार’ असाही सल्ला दिला. हे घोषणापत्र तुमच्या नावाने कर विभागाकडे जातं. काही वर्षांपूर्वी करविवरणातल्या तफावतीवर बोट ठेवून अनेक भारतीय आणि पाकिस्तानी व्यावसायिकांचे कायम वास्तव्याचे अर्ज फेटाळले गेले होते. व्हिसावर राहणाऱ्याने तिथे खोटं लिहिणं म्हणजे घरासाठी देशच पणाला लावणं.

सुटकेचा एक रस्ता आहे, पण तो सगळ्यांना लागू नाही. भारतातलं घर हे तुमचं स्वतःचं राहतं घर होतं आणि ते विकून तीन वर्षांच्या आत तिकडे राहण्यासाठी घर घेतलं, तर अधिभार लागत नाही. आधी तिकडे घेतलं आणि तीन वर्षांच्या आत इथलं विकलं, तर भरलेला अधिभार परत मागता येतो. बहीण नागपूरच्या फ्लॅटमध्ये कधी राहिलीच नाही, त्यामुळे तिला यातलं काही मिळालं नाही. फ्लॅट घेतानाच तो आईच्या नावावर केला असता तर हा प्रश्न उद्भवला नसता. परदेशात नोकरीला निघालेल्या मुलाच्या नावावर इथे हौसेने घर करणाऱ्या आईवडिलांनी हे आधी वाचावं.

आणखी एक २ टक्के आहेत. एप्रिल २०२१पासून, खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत जो १८३ दिवस ब्रिटनमध्ये नव्हता त्याला ते जास्तीचे भरावे लागतात. वरच्याच घरावर ते ५,२०० पौंड होतात. नुकतेच पोहोचलेले लोक भाडं वाचवायच्या घाईत यात सापडतात. पुढे पुरेसे दिवस राहून झाले की दोन वर्षांच्या आत हे पैसे परत मागता येतात. पण मागावे लागतात, कुणी आपणहून देत नाही.

भाव कसा काढायचा

मुंबई-पुण्यात आपण चौरस फुटाचा दर विचारतो, कार्पेट किती, बिल्टअप किती यावर भांडतो. इंग्लंडमध्ये जाहिरात ‘तीन बेडरूमचं घर’ अशी असते आणि भावही त्यावरच सांगतात. तिसरी बेडरूम म्हणजे एक खाट मावेल एवढी खोली असू शकते. आपली जुनी सवय तिथे सोडू नये.

दोन सरकारी नोंदी सगळ्यांना मोफत बघता येतात. लँड रजिस्ट्री १९९५पासूनच्या घरविक्रीच्या प्रत्यक्ष किमती प्रसिद्ध करते, पत्त्यासकट. आपल्याकडे खरेदीखतावरचा आकडा आणि खरा आकडा यांत अंतर असायची शंका असते, तिथे ही नोंद बऱ्याच अंशी खरी धरता येते. दुसरी नोंद ऊर्जा प्रमाणपत्राची. घर विकायला काढताना हे प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर घराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं. दोन्ही एकत्र केलं की खरा दर निघतो.

समजा, तुम्हाला दाखवलेलं घर ७४ चौरस मीटरचं आहे आणि मागणी २,७५,००० पौंड. त्याच गल्लीत तशाच बांधणीचं ८२ मीटरचं घर सहा महिन्यांपूर्वी २,४५,०००ला गेलं. त्याचा दर झाला मीटरला २,९८८, तुमच्याकडे मागतायत ३,७१६. शेजारच्या दराने तुमचं घर २,२१,००० च्या आसपास येतं. मधल्या ५४,०००ला काही कारण असेलही: नवं स्वयंपाकघर, मागे वाढवलेली खोली, कोपऱ्यावरची जागा. पण ते कारण त्यांनी सांगायचं, आपण मनातल्या मनात त्यांच्या बाजूने शोधून द्यायचं नाही. एकाच घरावरून भाव ठरवू नका, पाच-सहा तरी काढा. ताजे व्यवहार नोंदीत यायला काही आठवडे, कधी महिने जातात, हे लक्षात ठेवा. घर किती दिवस जाहिरातीत पडून आहे आणि मधे भाव उतरवला का, तेही बघा.

मागणीच्या आकड्याला फार मान देऊ नका. ‘ऑफर्स ओव्हर’ असं लिहिलेलं असलं तरी कमी देऊ करायला कुठलीही बंदी नाही. तुमची प्रत्येक ऑफर विक्रेत्यापर्यंत पोहोचवणं एजंटला कायद्याने भाग आहे. आणि कंत्राटांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. तोंडी होकारानंतर विक्रेता जास्त देणाऱ्याकडे वळू शकतो, याचा आपल्या लोकांना फार राग येतो, कारण आपल्याकडे बयाणा दिला की शब्द झाला. पण तीच मोकळीक तुम्हालाही आहे. घराच्या तपासणीत ओल किंवा छताचं काम निघालं तर भाव पुन्हा बोलता येतो.

कोण कुणाचं काम करतो

इस्टेट एजंटचे पैसे विक्रेता देतो, म्हणून तो विक्रेत्याचा माणूस. तो हसतमुख असतो, चहा विचारतो, आणि ‘आमच्याच मॉर्गेज सल्लागाराकडून कर्ज घ्या, म्हणजे तुमची ऑफर पुढे जाईल’ असं सुचवतो. अशी अट घालायला मनाई आहे. त्या सल्लागाराला तुमची कमाल ऐपत कळली, की ती एजंटलाही कळेल अशी भीती मला तरी वाटते.

बँक जे मूल्यांकन करते ते बँकेसाठी असतं. ते घरात न शिरताही होऊ शकतं. मात्र बँकेने तुमच्या ऑफरपेक्षा कमी किंमत काढली तर निराश होऊ नका, तो कागद घेऊन विक्रेत्याकडे जा. स्वतःसाठीची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते. रिक्स या व्यावसायिक संस्थेचे सर्व्हेअर ती करतात, साध्या घराला लेव्हल २ पुरते, शंभर वर्षांच्या जुन्या विटांच्या घराला लेव्हल ३ घ्यावी. काही शे पौंड वाचवायला ही पायरी गाळणारे पुढे छतावर काही हजार घालवतात.

कर्जाबद्दल एकच सांगते. व्याजदर डिपॉझिटच्या टप्प्यांवर बदलतो: ५, १०, १५ टक्के असे. २,६०,००० च्या घराला १० टक्के म्हणजे २६,००० आणि १५ टक्के म्हणजे ३९,०००. मधेच ३१,००० भरून दरात सहसा फरक पडत नाही. मग एक तर वरचा टप्पा गाठा, नाही तर जास्तीचे पाच हजार दुरुस्तीसाठी हाताशी ठेवा. व्हिसावरच्या लोकांसाठी काही बँका जास्त डिपॉझिट मागतात, काही नाही. त्यामुळे एकाच बँकेत जाऊन नकार घेण्यापेक्षा सगळ्या बाजारातली कर्जं दाखवणारा ब्रोकर गाठावा.

आता ‘आपला माणूस’. मराठी मंडळात, जयंतीच्या कार्यक्रमात कुणीतरी भेटतो, जय भीम करतो आणि मँचेस्टर किंवा लिव्हरपूलच्या बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतला फ्लॅट ‘हमखास भाड्यासह’ सुचवतो. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतही अशी प्रदर्शनं भरतात. त्याला कमिशन बिल्डर देतो आणि ते तुमच्या किमतीतच मिसळलेलं असतं. दोन-तीन वर्षांच्या हमखास भाड्याचे पैसेही बऱ्याचदा त्याच किमतीतून येतात. लिव्हरपूलमध्ये असे प्रकल्प अर्धवट राहून परदेशी खरेदीदारांच्या अनामती अडकल्या आहेत. त्या माणसाशी भांडण नको. ‘तुम्हाला यात किती मिळतात?’ एवढं विचारा. आपल्यात हे विचारायला संकोच वाटतो, आणि नेमका तोच महागात पडतो. बिल्डरने सुचवलेला सॉलिसिटरही घेऊ नका.

फ्लॅट घेत असाल तर

इंग्लंडमधले बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात, म्हणजे ठरावीक वर्षांचा हक्क. लीज ८० वर्षांच्या खाली गेली की ती वाढवण्याचा खर्च एकदम चढतो, म्हणून ८३-८४ वर्षं उरलेला ‘स्वस्त’ फ्लॅट स्वस्त नसतो. ३० जून २०२२नंतरच्या बहुतेक नव्या लीजला जमीनभाडं नाही, जुन्यांना आहे, आणि काहींत ते ठरावीक वर्षांनी वाढत जातं. मागच्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब मागून घ्या. १४ जून २०१७ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली, त्यानंतर बाहेरच्या आवरणाचा प्रश्न न सुटलेल्या इमारतींना बँका कर्ज द्यायला कचरतात. असा फ्लॅट तुम्हाला कमी भावात मिळाला तरी पुढे विकताना तुमचाही ग्राहक त्याच अडचणीत असेल.

किंमत कशाची देतोय

लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड हे घर या वाचकांना माहीत आहे. बाबासाहेब १९२१-२२मध्ये तिथे राहिले. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं, स्मारक खुलं झालं. पण कागदोपत्री ते राहण्याचं घर होतं. संग्रहालय म्हणून वापरायची परवानगी कॅम्डेन कौन्सिलने २०१८मध्ये नाकारली. चौकशी बसली, आणि मार्च २०२०मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी अपील मंजूर केल्यावर प्रश्न मिटला. मागे एक राज्य सरकार होतं म्हणून हे निभावलं.

आपल्यातले काही जण एकत्र वर्गणी काढून विहारासाठी घर घ्यायचं ठरवतात. काही जण मोठं घर घेऊन विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने द्यायच्या हिशेबाने भाव चढवतात. दोन्ही ठिकाणी हाच प्रश्न येतो. राहत्या घराचं प्रार्थनास्थळ करायला वापरबदलाची परवानगी लागते. वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त लोक एका घरात ठेवायचे तर कौन्सिलचा परवाना लागतो, आणि बऱ्याच शहरांत त्याहून कमी लोकांसाठीही परवानगी घ्यावी लागते. सहा खोल्यांचं भाडं धरून किंमत मोजली आणि परवानगी चौघांचीच मिळाली, तर फरक खिशातून जातो. कौन्सिलचे जुने निर्णय पत्त्यानुसार वेबसाइटवर बघता येतात. शेजारच्या घरांना काय उत्तर मिळालं ते ऑफर देण्याआधी वाचा.

व्हिसा आणि घाई

स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी गेली तर नवा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. कायम वास्तव्यासाठी पाच वर्षांऐवजी दहा वर्षं लावण्याचा प्रस्ताव मे २०२५च्या श्वेतपत्रिकेत आला. अशा वेळी घाईने विकावं लागलं तर भाव पडतो, शिवाय ठरावीक दराचं कर्ज मुदतीआधी फेडल्याचा दंड असतो. नोकरी बदलायचा विचार असेल तर आणखी वर्षभर भाड्याने राहणं स्वस्त पडू शकतं. ‘भाडं म्हणजे पाण्यात पैसे’ हे मला पटत नाही.

इथून पैसे पाठवताना

डिपॉझिटला घरून मदत जाते. भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत बाहेर पाठवू शकते. वर्षाला १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. वडिलांनी एकट्याने २५ लाख पाठवले तर १५ लाखांवर ३ लाख कापले जातील. आई आणि वडील दोघांचे स्वतःचे पैसे असतील आणि दोघांनी साडेबारा-साडेबारा पाठवले तर प्रत्येकी ५० हजार. काही भाग मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवला तर आणखी कमी. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरलं की परत मिळतात. पण पेन्शनवर जगणाऱ्या आणि कधीच विवरणपत्र न भरणाऱ्या वडिलांना कुणीतरी ते भरून द्यायला हवं.

बँकेचा विनिमय दरही बघा. ‘शुल्क नाही’ म्हणणारी बँक दरातच दोन टक्के काढत असेल तर ४०,००० पौंडांवर ८०० पौंड गेले. पाठवायच्या दिवशी तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इतके रुपये दिले तर खात्यात नेमके किती पौंड पडतील?

शेवटी कागद. तिकडचा सॉलिसिटर प्रत्येक मोठ्या रकमेचा उगम विचारतो. बक्षीसपत्र, पाठवणाऱ्याचं बँक स्टेटमेंट, प्लॉट विकला असेल तर नोंदणीकृत खरेदीखत. त्या व्यवहारात रोखीने घेतलेला भाग तिथे दाखवता येत नाही, तो हिशेबातून वगळूनच डिपॉझिट ठरवा. खरेदीखत मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर मागतात. ते इथे दोन-तीन दिवसांत होतं, पण बहिणीच्या वेळी ते शेवटच्या आठवड्यात आठवलं, कर्जाच्या दराची मुदत संपत आली होती आणि काका भाषांतरकाराच्या दारात बसून होते.